सभेची तारीखही कळू द्या

गड्ड्याच्या यात्रेत अक्षता कधी, दारूकाम कधी, हे सोलापुरात पोराटोरांनाही पाठ असते. पण महापालिकेची सर्वसाधारण सभा कधी, तिच्यापुढे विषय कोणते, हे कुणाला विचारायचे? मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ नगरसेवकच नव्हते. प्रशासक म्हणतील ती पूर्वदिशा! आता निवडून आलेत, तर नुसत्या उद्घाटनांच्या बातम्या नकोत. (फीत कापणारे हात मोजायची हौस फिटली हो.) याच नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० रोजी इंग्रजांना न जुमानता आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला. तिला विषयपत्रिका चौकाचौकात लावायची कसली भीती? पाणीपट्टीचा विषय असेल त्या दिवशी आम्ही म्हातारेसुद्धा प्रेक्षक गॅलरीत येऊन बसू.