टँकरमधली वाइन आणि बाटलीवरचं गाव

परवा मित्राच्या मुलाने इटलीहून येताना एक बाटली आणली. रेड वाइन, लेबलवर 'प्रिमितिव्हो दि मांदुरिया'. मित्राने लगेच मटण टाकलं. आता निफाडकडे मटण म्हणजे काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. पहिल्याच घोटाला दोघांचे कान गरम! ही वाइन 14 टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोलची, आणि अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो. त्यात बाटली उन्हाळ्याच्या उकाड्यात कपाटात ठेवलेली. खरं तर ती 16 ते 18 अंशांना प्यायची. मग अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, रस्सा बाजूला सारला, मीठ-मिरी लावून मटणाचे तुकडे तव्यावर परतले. तेव्हा कुठे चव कळली. पिकलेल्या जांभळासारखी, शेवटी किंचित गोडसर.

मांदुरिया हे दक्षिण इटलीतल्या पुलियातलं गाव. इटलीचा बूट डोळ्यासमोर आणा, त्याची टाच म्हणजे हा भाग. लाल माती, ऊन भरपूर, पाऊस कमी. जुन्या वेलींना आपल्यासारखा मांडव नसतो, त्या झुडपासारख्या जमिनीलगत वाढवतात. द्राक्ष लवकर पिकतं म्हणून नाव प्रिमितिव्हो. तिथली माणसं तिच्याबरोबर खातात काय? रविवारी कानाच्या आकाराचा ओरेकिएत्ते पास्ता आणि टोमॅटोत तासन् तास शिजवलेल्या मांसाच्या गुंडाळ्या. एरवी मेंढीच्या दुधाचं मुरलेलं चीज, निखाऱ्यावर भाजलेलं मांस. सगळा शेतकऱ्याच्या घरचा स्वयंपाक. आपल्याकडे वाइन म्हटलं की लोकांना पंचतारांकित हॉटेल आठवतं, ते सोडा.

माझा मुद्दा वेगळाच आहे. कित्येक दशकं या भागातली वाइन टँकर भरभरून उत्तर इटलीत आणि फ्रान्सला जायची. तिकडच्या फिक्या वाइनमध्ये रंग आणि जोर यावा म्हणून ती मिसळायची. बाटलीवर नाव तिकडचं, पैसा तिकडे. मांदुरियाला स्वतःच्या नावाचं सरकारी मानांकन मिळालं 1974 साली. पुढे 1990 च्या दशकात डीएनए तपासणीतून सिद्ध झालं, की कॅलिफोर्नियात मिरवणारं झिनफंडेल आणि हे प्रिमितिव्हो एकच द्राक्ष. आज या गावाच्या नावाने बाटली परदेशात विकली जाते.

गावाचं नाव लागलं, म्हणून सगळं आलबेल झालं असं नाही. पुलियाच्या शेतांत मजूर पुरवणारा 'कापोराले' असतो. आपल्या भाषेत मुकादम. गाडीत माणसं भरतो, मजुरीतला वाटा कापतो. जुलै 2015 मध्ये पुलियातल्याच आंद्रियाजवळच्या द्राक्षमळ्यात 49 वर्षांची एक मजूर बाई काम करताना कोसळून गेली. पहाटे बसने शंभरहून जास्त किलोमीटर जाऊन ती तिथं राबत होती. देश हादरला आणि 2016 मध्ये मुकादमीविरुद्ध कडक कायदा आला, क्रमांक 199. त्यात मुकादमाबरोबर मजुरांची पिळवणूक करणारा मळेवालाही दोषी धरला जातो. ऊसतोडीच्या उचलीत अडकलेल्या आपल्या मजुरांसाठी अशी तरतूद कुणी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

2022 च्या जानेवारीत आपल्या सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा महिनाभर एकच भांडण चाललं: विकायची कुठे? निर्णय पुढे कागदावरच राहिला. द्राक्ष कुणाचं, भाव काय, बागेत कामाला कोण, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे, चांगलंच आहे. पण दर हंगामात मी बातमी लिहितो ती व्यापारी बागाईतदाराचे पैसे बुडवून पळाल्याची.

वाइनरीने बाटलीच्या मागे द्राक्षं कुठल्या गावची ते छापावं. करार लेखी असावा, भाव त्यात आधी ठरावा. बागेत येणाऱ्या मजुराची मजुरी मुकादमाच्या हातात न देता थेट खात्यावर जावी. बागाईतदारांच्या पुढच्या मेळाव्यात हे मी बोलणार आहे. तिसऱ्या मुद्द्यावर आमचेच बागाईतदार कुरकुरणार, तेही माहीत आहे. तरी बोलणार.