निवृत्तीची वही



येत्या ३१ मे रोजी मी सरकारी नोकरीतून निवृत्त होत आहे. माझा खरा जन्म म्हणे ऐन सुगीतला. पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिला आणि तोच कायम झाला. तुमच्यापैकी अनेकांची जन्मतारीख हीच असेल! त्या हिशेबाने अठ्ठावन्न वर्षे भरली.

परवा बांधावर एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, तुम्ही सुटलात. आम्हांला कोण रिटायर करणार?" मी हसलो. घरी येऊन सौभाग्यवतींना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "बाईमाणसाला सुटीच नाही, तर निवृत्ती कुठली?" यावर मला उत्तर सुचले नाही. ज्या कामाला तारीख नसते ते राहून जाते, हे मात्र मी घरातच पाहिले आहे.

आमच्या वडिलांना आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी करायची होती. एकदाच. पण आषाढी येते पेरणीच्या दिवसांत. एका वर्षी पाऊस लांबला, एका वर्षी बैल बसला, एका वर्षी दुबार पेरणी आली. दर वर्षी ते म्हणायचे, "पुढल्या साली." शेवटच्या वर्षी मात्र त्यांनी पडशी भरली होती. तेव्हा मीच म्हणालो, "दादा, मला रजा मिळत नाही. औंदा तेवढी पेरणी उरका, पुढल्या वर्षी मी स्वतः तुम्हांला आळंदीला सोडतो." त्या दिवाळीआधीच ते गेले. गावोगाव पेरणीची वेळ सांगत हिंडणाऱ्या मला घरातली वेळ कळली नाही. पडशी अजून माळ्यावर आहे.

म्हणून यंदा मी एक शंभर पानी वही आणली आणि तिचे तीन भाग केले. तुम्हीही असेच करा, असे माझे सांगणे आहे. वयाची पन्नाशी आली की वही घालावी.

१) पाय चालतात तोवरची कामे : माझी पहिली ओळ पायी वारीची. पडशी वडिलांचीच नेणार. सौभाग्यवतींची पहिली ओळ समुद्र पाहण्याची. इतक्या वर्षांच्या संसारात ही इच्छा मला आत्ता कळली, कारण मी आत्ताच विचारले. मोतीबिंदू, गुडघे, दात यांची कामेही याच भागात लिहा. दिसत नसेल तर देवदर्शन कसले?

पण घर सोडायचे तर पेरणी मुलाच्या किंवा सुनेच्या हाती द्यावी लागते. तुमच्या मनातले नियम वहीत उतरवा. घरचे सोयाबीन बी असेल तर उन्हाळ्यातच ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण पाहावी. सत्तर तरी उगवले पाहिजेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पाभर धरू नये. एवढे लिहून द्या आणि मग लुडबुड करू नका. एखादी चूक होईल. आपल्याही झाल्याच होत्या.

२) कागदाची कामे : ही सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महागात पडणारी. बांधावरून भाऊ भावाशी बोलेनासा झालेला मी कितीतरी गावांत पाहिला. मुलांना जमीन वाटून द्यायची असेल आणि सर्वांची संमती असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. मात्र दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनीही सह्या कराव्यात. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. २००५ सालापासून कायदाच तसा आहे. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावायचे मनात असेल तर ते हयातीतच लावा. बँकेतील खात्याला वारस नेमला आहे का, तेही पाहा.

एक ओळ मुलांसाठी. २०१९ साली सुरू झालेली प्रधानमंत्री किसान मानधन योजना १८ ते ४० वयाच्या, दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरावे लागतात आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. आपण हुकलो, म्हणून त्यांनी हुकू नये.

३) उशिरा फळणारी कामे : केशर आंब्याची दहा कलमे मी लावणार आहे. उन्हाळ्यात मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावेत. मग चांगली माती, शेणखत व सुपर फॉस्फेटने भरून पावसाळ्याच्या सुरुवातीला कलम लावावे. चार-पाच वर्षांनी फळ धरता येते. बांधाला चिंचही लावीन. तिची चव कदाचित नातवंडेच घेतील.

मंडळी, यादी लांबलचक नको. दहा ओळी पुरेत. पण प्रत्येकीपुढे साल लिहा. आज रात्री जेवणे झाली की घरातल्या कारभारणीला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, "तुमचे काय राहून गेले?" त्यांची ओळ आधी लिहा. आपली मागून लिहिली तरी चालेल.