हिरड्याची भरपाई : मेहेरबानी की हक्क?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. रायगडातील नारळी-पोफळीच्या बागा झोपवून ते सह्याद्री ओलांडून आले, आणि जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांत हिरड्याची झाडे मोडून पडली. तेथील महादेव कोळी कुटुंबांस हिरडा हे रोख पैशाचे मोठे साधन आहे. असे झाड पडले म्हणजे एका हंगामाबरोबर पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्नही बुडाले.

वादळास कोणी जबाबदार नव्हते. परंतु त्यानंतर जे घडले त्याचा जाब शासनानेच दिला पाहिजे. फळबागांस हेक्टरी मदत जाहीर झाली. कोकणातील नारळ-सुपारीचे नुकसान हेक्टराच्या मापात बसत नाही हे ध्यानी आल्यावर तेथे झाडामागे भरपाई देण्याचे ठरले. तो निर्णय न्याय्यच होता. मग बांधावर आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या हिरड्यास तोच न्याय तत्काळ का लागू झाला नाही? त्यासाठी आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे मोर्चे व उपोषणे करावी लागली. मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती २०२४ साली! जे हक्काने मिळावयाचे, त्यासाठी चार वर्षे दाराशी उभे राहावे लागत असेल तर तो हक्क कागदावरच राहिला म्हणावयाचा.

कायदा याबाबत मुका नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या कलम ६१ प्रमाणे भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश अथवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. वनहक्क अधिनियम, २००६ ने गौण वनोपजावरील मालकी मान्य केली आहे. ज्या मालाची मालकी कायदा मानतो, त्याची हानी पंचनाम्यात का येऊ नये?

कोणी विचारील, हा प्रश्न आदिवासींचा. बौद्धांनी त्यात का पडावे? ज्या पद्धतीत सातबारा हीच माणसाची ओळख ठरते, तीत भूमिहीन बौद्ध मजुराची बुडालेली मजुरीही दिसत नाही. राजकीय समता आली तरी सामाजिक व आर्थिक विषमता उरणार, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. शिवाय जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात करंज व वड या झाडांसाठी जमीन दान दिल्याची नोंद आहे. जेथे उपासकांनी झाडांची नोंद पाषाणात केली, तेथेच आज पडलेल्या झाडाची नोंद सरकारी कागदावर होत नाही!

आमची मागणी साधी आहे. पंचनामा ग्रामसभेत वाचून दाखवावा, हिरड्याची भरपाई झाडामागे ठरवावी, आणि वनोपज वेचणारे व भूमिहीन मजूर यांची नावे यादीत घ्यावीत. हे नियम पुढील वादळापूर्वी झाले पाहिजेत. त्यासाठी बौद्ध व आदिवासी बांधवांनी एकाच ग्रामसभेत, खांद्यास खांदा लावून बसावे.