खिमा रात्रीचा, कोथिंबीर सकाळची

सकाळी साडेआठला घर सोडायचं असेल, तर डब्याचा खिमा आदल्या रात्रीच करून ठेवावा का? नांदेड-लातूरच्या अनेक घरांत या प्रश्नावर दोन मतं आहेत, आणि दोन्हींत तथ्य आहे.

‘शिळं नको’ म्हणणाऱ्या थोरल्यांचं आधी ऐकू. मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांच्या वर जातो. त्यातून खिमा नाजूक. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात. यंत्रातून काढताना ते सगळीकडे मिसळतात. शिजवल्यावर बहुतेक मरतात, पण काहींचे बीजाणू उकळूनही तगतात. भरलं पातेलं ओट्यावर रात्रभर हळूहळू निवत राहिलं की ते पुन्हा वाढू लागतात. फ्रिज नसताना घालून दिलेला हा नियम अनुभवाचा आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ताज्या-गरमचा आग्रह सगळ्यांचा, पहाटे उठणारी मात्र बहुधा एकटीच. 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या भागात खिमा अनेक घरांचा जुना सोबती. रमजानात सहेरीसाठी तो रात्रीच परतून ठेवणारी घरंही आहेत. मुरला की आलं-लसूण आणि खडा मसाला एकजीव होतो. गार झाल्यावर वर थिजलेली चरबी काढूनही टाकता येते. शिवाय पाण्याचा हिशेब आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला दोनदा रांधून दोनदा भांडी घासण्याची किंमत सांगायला नको.

आमच्या मते, ज्या घरात फ्रिज आणि भरवशाची वीज आहे, तिथं खिमा जरूर रात्री करावा. हिरवा पाला मात्र सरसकट रात्री घालू नये. मेथी आणि शेपू मांसासोबत शिजतात, त्यांचा कडवटपणा आणि उग्रपणा मुरून सौम्य होतो. कोथिंबीर-पुदिन्याचा सुगंध मात्र उडून जाणारा. रात्रभर लिंबाच्या आंबटात राहिला तर पाला काळवंडतोही. त्यांची जागा सकाळी, आच बंद केल्यावर.

लाओस आणि थायलंडच्या ईशान्य भागातला ‘लाब’ हाच धडा देतो. तिथं शिजलेल्या खिम्यात लिंबू, मिरची, मूठभर पुदिना आणि भाजलेल्या तांदळाची पूड शेवटी मिसळतात. आपल्याकडे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं येसर आहेच. आलं, लसूण, हिरवी मिरची घालून खिमा रात्री सुका परतावा. सकाळी गरम करून चमचाभर येसर, मग खाली उतरवून पातीचा कांदा, पुदिना, कोथिंबीर आणि लिंबू. ज्वारीच्या भाकरीशी हे छान जमतं.

पथ्यं मात्र सोडू नयेत. खिमा डोळ्यांसमोर करून घ्यावा आणि त्याच दिवशी शिजवावा. शिजला की परातीत पातळ पसरून निववावा. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये; हवा 32 अंशांवर असेल तर एकच तास. फ्रिज 5 अंशांखाली असावा. सकाळी नुसता कोमट न करता आतपर्यंत वाफा येईतो तापवावा आणि लागेल तेवढाच काढावा. रात्रभर वीज गेली असेल, तर वास चांगला असला तरी टाकून द्यावा; काही विषारी जंतूंचा वास येत नाही. पाला न शिजवता खायचा, म्हणून तो धुताना पाण्याची काटकसर नको.

फ्रिज नसेल तिथं थोरल्यांचंच खरं: थोडा आणावा, लगेच शिजवावा, संपवावा. बाकीच्या घरांनी आदल्या रात्रीच्या खिम्याला कमी लेखणं सोडावं. त्यातून वाचलेला वेळ रांधणारीच्या झोपेला मिळावा. कोथिंबीर निवडणं आणि चिरणं घरातल्या कोणालाही जमतं; ते तिच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी करावं.