पेठ उभारायची की उठवायची?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या भुयारी मेट्रोचा अखेरचा टप्पा सुरू झाला आणि काळबादेवी व गिरगाव ही स्थानके प्रवाशांना खुली झाली. ज्या पेठेत पोचण्यासाठी मरीन लाइन्सला किंवा मशीद बंदरला उतरून घामाघूम होत चालावे लागे, तिच्या पोटातच आता गाडी थांबते. ही सोय मोठी आहे आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु रुळांच्या पाठोपाठ जमिनीचा भाव येतो, भावाच्या पाठोपाठ विकासक येतो आणि विकासकाच्या हातात एक रंगीत चित्र असते. त्या चित्रात खाली दुकाने, मध्ये कचेऱ्या, वर घरे आणि तळाशी मोटारींसाठी प्रशस्त जागा असते. चित्रात हातगाडी मात्र नसते, डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल नसतो आणि ओट्यावर बसून घासाघीस करणारे गिऱ्हाईकही नसते. चित्रातून जे वगळले जाते ते पुढे इमारतीतूनही वगळले जाते, असा अनुभव आहे. म्हणून ह्या नव्या संकुलांचा आराखडा कसा असावा, हा केवळ वास्तुशास्त्रज्ञांचा प्रश्न राहिलेला नाही. हजारो लहान दुकानदारांच्या आणि त्यांच्या माथ्यावर राहणाऱ्या भाडेकरूंच्या योगक्षेमाचा तो प्रश्न आहे.

‘मिश्र वापर’ हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. काळबादेवी, भुलेश्वर, भेंडीबाजार येथील शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारती पाहाव्यात. रस्त्यालगत दुकान, त्यावर पोटमाळा, मागे गोदाम, पहिल्या मजल्यावर पेढी आणि त्याच्या वर बिऱ्हाडे, ही रचना कोणत्याही नियमावलीने शिकविली नव्हती. व्यवहाराने ती घडविली होती. एकेका गल्लीने एकेक धंदा जोपासला. झवेरी बाजारात सोने, मंगलदास मार्केटात कापड, तांबाकाट्याला भांडी, लोहार चाळीत विजेचे सामान. शेजारच्या दुकानात तोच माल असणे हे येथे संकट मानले जात नाही. तेच भांडवल आहे. दहा दुकाने पाहून एका दुकानात खरेदी करण्यासाठीच गिऱ्हाईक येथे येते. ह्या एकत्र असण्याला आम्ही पेठेचे पेठपण म्हणतो. ते विटांत नसते, परंतु विटा चुकीच्या मांडल्या तर नाहीसे होते.

ह्याचा अर्थ जुने जसेच्या तसे जपावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जुन्याच्या प्रेमात बुडालेल्यांनी ३१ ऑगस्ट २०१७ चा दिवस आठवावा. त्या सकाळी भेंडीबाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली मरण पावली. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत समाविष्ट होती, तरीही त्या दिवशी तीत माणसे राहत होती. अशी मोडकळ एका दिवसात आलेली नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. महागाईच्या काळात भाडेकरूला त्याने आधार दिला हे खरेच. पण त्याच कायद्याने दुरुस्तीसाठी मालकाच्या हातात काही उरू दिले नाही. मालकाने पागडीत आपला वाटा शोधला आणि भिंतीकडे पाठ फिरविली. १९६९ साली शासनाला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्या साडेएकोणीस हजारांच्या वर होती. १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली. मात्र तडे बुजविण्याचे काम त्यानेही झाले नाही. म्हणून पुनर्रचना हवी, आणि ती विनाविलंब हवी, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. वाद आहे तो तिच्या रीतीविषयी.

आजची रीत अशी आहे. शासन जादा चटईक्षेत्र देते. विकासक जुन्या रहिवाशांना व दुकानदारांना विनामूल्य जागा बांधून देतो आणि उरलेले बाजारभावाने विकून खर्च व नफा काढतो. मुंबई बेटावर किमान चार हजार चौरस मीटर जमीन एकत्र केली, तर समूह पुनर्विकासासाठी चार इतका चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. एकेकटी इमारत पाडून तिच्याच चिंचोळ्या जागेवर सुळक्यासारखा मनोरा उभारण्यापेक्षा समूहाचा मार्ग निःसंशय बरा. रस्ता रुंद करता येतो, मलनिस्सारण सुधारते, उजेड-वारा मिळतो. २००९ साली स्थापन झालेल्या न्यासाने भेंडीबाजारात हाच मार्ग पत्करला. साडेसोळा एकर क्षेत्र, सुमारे अडीचशे इमारती, सुमारे ३२०० कुटुंबे आणि साडेबाराशेच्या आसपास दुकाने एवढा तिचा पसारा आहे. पहिले मनोरे उभे राहून काही रहिवासी व दुकानदार तेथे परतले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु एवढ्या एकजिनसी, संघटित समाजाच्या योजनेलाही दशकाहून अधिक काळ लागावा, ह्यावरून इतर पेठांनी बोध घ्यावा.

नियमावली दुकानदाराला काय देते? तिचे वचन असे की, त्याची जेवढी जागा होती तेवढी त्याला मिळेल. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. पण दुकान हे केवळ चौरस फुटांनी मोजण्याची वस्तू नाही. समजा, एका गल्लीच्या दोन्ही अंगांना मिळून ऐंशी दुकाने आहेत आणि प्रत्येकाचे तोंड आठ फुटांचे आहे. म्हणजे ६४० फूट लांबीचे दर्शनी तोंड ह्या गल्लीपाशी आहे. आता गल्ली पुसून तेथे एकच भव्य चौथरा बांधला आणि त्याची रस्त्याकडील बाजू २४० फुटांची निघाली, तर रस्त्यावर तीसच दुकाने बसतील. त्यातून मोटारींच्या उतारासाठी व मनोऱ्याच्या शोभिवंत प्रवेशद्वारासाठी ४८ फूट गेले की उरली चोवीस. बाकीच्या छप्पन्न दुकानदारांना पूर्वीइतकीच जागा मिळाली, कायद्याचे अक्षर पाळले गेले, कदाचित फरशीही चकचकीत मिळाली. परंतु त्यांचा रस्ता गेला. कोणी आतल्या बोळात, कोणी दुसऱ्या मजल्यावर जाऊन पडला. ठरवून येणारे गिऱ्हाईक तेथवर जाईलही. जाता जाता थबकणारे जाणार नाही. आणि पेठेतला लहान दुकानदार जगतो तो थबकणाऱ्या गिऱ्हाइकावरच.

ह्यास्तव आमची पहिली मागणी ही की, मोजमाप करताना क्षेत्रफळाबरोबर रस्त्याकडील तोंडाचीही नोंद व्हावी आणि आराखड्यात तिचा हिशेब दाखविला जावा. ह्यावर उपाय अशक्य नाही. जुन्या गल्ल्या बुजविण्याऐवजी त्यांच्याच रेषेत, जमिनीच्याच पातळीवर, दोन्ही टोकांना खुल्या असणाऱ्या वाटा संकुलातून न्याव्यात. एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर किंवा मेट्रोच्या दाराकडे जाणारा माणूस सहज त्या वाटेने गेला पाहिजे. वाट जेथे संपते तेथे दुकानही संपते. वाट जेथून वाहते तेथे आतले दुकानही रस्त्यावरचे होते. एकाच धंद्याची दुकाने एकत्र राहतील, हेही पाहिले पाहिजे. चिठ्ठ्या टाकून तांब्याच्या भांड्यांशेजारी भ्रमणध्वनीचे दुकान बसविणे म्हणजे निष्पक्षपातीपणाच्या नावाखाली पेठ विसकटणे होय.

दुसरा प्रश्न मालाचा. पेठेत माणसांइतकाच माल चालतो. तो उतरविणार कोठे, चढविणार कसा, ठेवणार कोठे, ह्याचे उत्तर नसलेल्या इमारतीला व्यापारी संकुल म्हणणे ही शब्दांची चैन आहे. मालासाठी वेगळी उतारगल्ली, हातगाडी जाईल असा चढ, मालाची स्वतंत्र लिफ्ट, हमालांसाठी विसाव्याची जागा आणि स्त्री-पुरुषांसाठी स्वच्छ शौचालये ह्या गोष्टी नकाशात आधी आखाव्यात. मोटारींची जागा नंतर पाहावी. आज नेमके उलट होते. वाहनतळांचे मजले रचले जातात आणि त्या मजल्यांमुळे घरे रस्त्यापासून तुटतात, तर दुकाने मोटारींच्या धुरात कोंडली जातात. दारात मेट्रो असता एवढ्या मोटारींना निमंत्रण कशासाठी? जितका मोठा वाहनतळ तितकी पेठेच्या तोंडाशी मोठी कोंडी, हे समजण्यास वाहतूकतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

सगळाच धंदा पेठेत राहावा असेही नव्हे. १९९६ साली फळांचा घाऊक बाजार क्रॉफर्ड मार्केटमधून, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईतून, वाशीस गेला. मालमोटारींनी येणारा अवजड माल शहराच्या गाभ्यातून हलविणे योग्यच होते. तरीही १८६९ मध्ये पूर्ण झालेली ती मंडई किरकोळ व्यापाराच्या बळावर गजबजलेली राहिली, कारण तिच्या दारावरून माणसे जात राहिली. उलट सुरतेकडे पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे हिऱ्यांच्या व्यापारासाठी प्रचंड भवनाचे उद्‌घाटन झाले. जागेची, भव्यतेची, सुरक्षिततेची उणीव नव्हती. तरीही २०२४ साली तेथील बऱ्याच कचेऱ्या ओस होत्या, कारण व्यापारी एकमेकांची वाट पाहत होते. इमारत पैशाने बांधता येते. बाजार मात्र परस्परांच्या विश्वासाने आणि सवयीने भरतो. जमलेला बाजार उठविणे सोपे आणि उठलेला पुन्हा जमविणे दुष्कर.

तिसरा प्रश्न प्राणांचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या एका बहुमजली व्यापारी संकुलास लागलेली आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत होती आणि शेजारच्या उंच इमारतीतील हजारो रहिवाशांना रात्रीतून घरे सोडावी लागली. नव्या संकुलात दुकाने व घरे एकमेकांच्या शेजारीच नव्हे, तर एकमेकांच्या डोक्यावर असणार. कापड, प्लॅस्टिक, रसायने, बॅटऱ्या ह्यांचा साठा खाली आणि मुले-म्हातारी वर. अशा ठिकाणी घरांचे जिने दुकानांच्या जिन्यांपासून सर्वस्वी वेगळे असले पाहिजेत, ते थेट मोकळ्यावर उतरले पाहिजेत आणि त्यांत मालाचा एक खोकाही ठेवू देता कामा नये. साठ्याची जागा अपुरी दिली की माल जिन्यात येतोच. तो व्यापाऱ्याचा दोष असला तरी आराखड्याचाही आहे. गोदामाची जागा देणे हा म्हणूनच अग्निसुरक्षेचा भाग मानावा.

चौथा प्रश्न नवी किल्ली हाती आल्यानंतरचा. गोठविलेले भाडे भरणाऱ्या कुटुंबाच्या माथी लिफ्टचा, पंपाचा, अग्निशमन यंत्रणेचा आणि पहारेकऱ्याचा मासिक खर्च येऊन पडतो. तो झेपला नाही की लिफ्ट बंद पडते किंवा कुटुंब जागा विकून निघून जाते. पहिल्याने मनोऱ्याची चाळ होते, दुसऱ्याने पेठेतला माणूस पेठेबाहेर जातो. विकासकाने देखभालीसाठी पुरेसा निधी आरंभीच वेगळा ठेवावा, त्याचे व्याज केवळ जुन्या रहिवाशांच्या उपयोगास यावे, आणि बाजारभावाने विकलेल्या दुकानांनी व कचेऱ्यांनी अधिक भार उचलावा, अशी अट परवानगीतच असावी.

आणि बांधकामाच्या वर्षांत दुकानदाराने काय करावे? रहिवासी संक्रमण गाळ्यात राहू शकतो. दुकानाचे गिऱ्हाईक संक्रमणात राहत नाही. पाच वर्षे दूरच्या उपनगरात बसविलेला दुकानदार परत येतो तेव्हा त्याची जागा असते, पण त्याची ओळख नसते. म्हणून काम टप्प्याटप्प्याने, एक बाजू चालू ठेवून, त्याच परिसरात तात्पुरते गाळे देऊनच व्हावे. काळबादेवी-गिरगावात मेट्रोसाठी ज्यांची घरे-दुकाने पाडली गेली, त्यांना त्याच परिसरात पुनर्वसनाचे वचन देण्यात आले आहे. स्थानक उघडले, आता त्या वचनाची पूर्ती तारीखवार जाहीर होणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. फेरीवाल्यांनाही २०१४ च्या कायद्याने मान्यता दिली आहे. संकुलाच्या दाराशी त्यांची जागा आखून दिली नाही, तर ते ती आखून घेतील. मग रोज धरपकडीचा तमाशा करण्यात अर्थ नाही.

ह्या मागण्या खर्चिक आहेत, त्यामुळे योजना परवडणार नाही, असे विकासक सांगतील. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तोट्यात कोणीही बांधणार नाही. पण म्हणूनच योजनेचे गणित महापालिकेने सार्वजनिक करावे. किती क्षेत्र जुन्यांना, किती विक्रीस, किती वाहनांस, किती मालास, हे मराठीत आणि पेठेत चालणाऱ्या इतर भाषांत परवानगीपूर्वी जागेवर लावावे, आणि हरकतींना लेखी उत्तर मिळावे. जादा चटईक्षेत्र ही शासनाने जनतेच्या वतीने दिलेली देणगी आहे. देणगीचा हिशेब मागणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

मोडकळीस आलेली भिंत पडू देणे हा गुन्हा आहे. तिच्या जागी अशी भिंत बांधणे, की जिच्याआड गेलेला दुकानदार गिऱ्हाइकाला दिसणार नाही, हाही त्याहून थोडाच कमी गुन्हा आहे. महापालिकेपुढे येणाऱ्या प्रत्येक नकाशाला तिने आधी एक साधा प्रश्न विचारावा: आज येथे पोट भरणारा माणूस उद्या येथेच पोट भरू शकेल काय? उत्तर ‘होय’ असेल तरच त्यावर शिक्का उमटावा.