विश्लेषण : कॉलेजमध्ये चमकलेला गार्ड एनबीएमध्ये टिकेल का, हे आधी कसे ओळखतात?

ह्यूस्टन रॉकेट्सचा अनुभवी गार्ड फ्रेड व्हॅनव्लीट सप्टेंबर २०२५ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने जायबंदी झाला. त्याआधी जुलैमध्ये संघाचा दुसरा प्रमुख गार्ड जेलेन ग्रीन केव्हिन ड्युरांटच्या बदल्यात फिनिक्सला गेला होता. त्यामुळे २०२५-२६ च्या हंगामाच्या तोंडावर सगळ्यांच्या नजरा रीड शेपर्डकडे वळल्या होत्या. जून २०२४ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले होते. केंटकी विद्यापीठाकडून खेळताना त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून ५२.१ टक्के फेकी बास्केटमध्ये टाकल्या होत्या. हा आकडा थक्क करणारा आहे. एनबीएमध्ये चाळीस टक्के गाठणारा खेळाडूही उत्तम नेमबाज समजला जातो. प्रत्यक्षात पहिल्या हंगामात शेपर्ड बहुतेक वेळ बाकावर बसून राहिला. सामन्यामागे जेमतेम बारा-तेरा मिनिटे आणि सरासरी ४.४ गुण.

त्याच ड्राफ्टमध्ये शेपर्डच्या लगेच पुढचे नाव स्टेफॉन कॅसल याचे होते. कनेटिकट विद्यापीठाच्या विजेत्या संघातल्या या गार्डची लांबून फेकण्याची टक्केवारी २६.७, म्हणजे शेपर्डच्या जवळपास निम्मी. त्याला टेक्सासमधल्याच सॅन अँटोनियो स्पर्सने घेतले आणि तो २०२४-२५ चा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

म्हणजे नुसत्या नेमबाजीवर पैज लावली असती, तर पहिल्या वर्षाचा निकाल नेमका उलटा लागला असता. मग कॉलेजच्या आकड्यांतून पुढचे काही कळते की नाही? कळते. पण सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारा आकडा बहुधा सर्वांत कमी सांगतो.

अंदाज चुकला तर नुकसान कोणाचे?

गार्ड म्हणजे संघातला तुलनेने बुटका, चेंडू पुढे नेणारा, डाव रचणारा किंवा लांबून बास्केट करणारा खेळाडू. अमेरिकेत असे बहुतेक खेळाडू विद्यापीठांच्या स्पर्धांतून पुढे येतात. दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट होतो. एनबीएचे ३० संघ दोन फेऱ्यांत आळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि आदल्या हंगामात दुबळ्या ठरलेल्या संघांना साधारणपणे आधी संधी मिळते. २००६ च्या ड्राफ्टपासून १९ वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शाळा संपल्यावर एक वर्ष थांबावे लागते. म्हणून अनेक गुणी मुले कॉलेजात एकच हंगाम खेळून बाहेर पडतात. संघांच्या हाती येतात ते तीस-पस्तीस सामने आणि काही चाचण्या. त्यावर कोट्यवधी डॉलर्सचा निर्णय घ्यायचा.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारातली पहिली दोन वर्षे हमीची असतात. तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर. त्यातही तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होताना, ऑक्टोबरअखेर द्यावा लागतो. वीस वर्षांच्या मुलाचे भवितव्य ठरते ते एका हंगामावर, आणि तो हंगाम त्याने बाकावर काढलेला असू शकतो. दुसऱ्या फेरीत निवड झाली तर एवढीही हमी नसते.

खेळ तोच, मग फरक कुठे पडतो?

करीअर बदलते ते अंतराने आणि जागेने. एनबीएची तीन गुणांची रेषा बास्केटपासून २३ फूट ९ इंचांवर आहे, कोपऱ्यात २२ फुटांवर. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ती २०१९ पर्यंत २० फूट ९ इंचांवर होती, आता २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे. फेक करण्यासाठी कॉलेजात ३० सेकंद मिळतात, एनबीएत २४. सामना ४० मिनिटांऐवजी ४८ मिनिटांचा आणि हंगाम ८२ सामन्यांचा. दमछाक हा वेगळा विषय आहे, तो इथे सोडून देऊ.

जागेचा मुद्दा मात्र कमी बोलला जातो आणि माझ्या मते तोच मोठा आहे. कॉलेजमध्ये उंच बचावपटू बास्केटखाली हवा तेवढा वेळ ठाण मांडून उभा राहू शकतो. एनबीएमध्ये समोर कोणाला अडवत नसेल तर त्याला तीन सेकंदांत तिथून हलावे लागते. बास्केटसमोरचा रंगवलेला पट्टाही एनबीएत १६ फूट रुंद आहे, कॉलेजात १२ फूट. याचा परिणाम उलटसुलट होतो. ड्रिबल करत आत घुसणाऱ्या चपळ गार्डला एनबीएत वाट मोकळी मिळते, कॉलेजात तो गर्दीत अडकलेला असतो. शाय गिल्जस-अलेक्झांडरने केंटकीकडून सामन्यामागे १४.४ गुण केले होते. २०१८ मध्ये त्याच्याआधी दहा जणांना निवडले गेले. २०२५ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमा सिटीला त्याने विजेतेपद मिळवून दिले. यूसीएलएमध्ये बचावासाठी ओळखला जाणारा रसेल वेस्टब्रुकही असाच, २०१७ चा सर्वोत्तम खेळाडू.

याउलट कॉलेजात चार बोटे मोकळी जागा मिळाली की फेक करणाऱ्या बुटक्या नेमबाजाला एनबीएत तेवढीही मिळत नाही. समोरचा बचावपटू सहा फूट सहा इंच उंच, लांब हातांचा आणि पूर्णवेळ हेच काम करणारा असतो. रणजीत धावांचा डोंगर रचून कसोटीत चाचपडणारे फलंदाज आपण पाहिले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आकडे खोटे बोलतात का?

आकडे खोटे नसतात, थोडे असतात. शेपर्डने कॉलेजच्या ३३ सामन्यांत तीन गुणांच्या १४४ फेकी केल्या, त्यातल्या ७५ आत गेल्या. समजा एखाद्या नेमबाजाची खरी क्षमता ४० टक्के आहे. त्याने १४४ फेकी केल्या, तर सरासरी ५८ आत जातील. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा सहा-सहाने खालीवर होणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे क्षमता तीच राहूनही एका वर्षी ३६ टक्के दिसतील, दुसऱ्या वर्षी ४४. शेपर्डचे ५२ टक्के त्याच्याही वर आहेत. त्यामुळे तो चांगला नेमबाज आहे, एवढे नक्की म्हणता येते. मात्र त्या आकड्यात नशिबाचाही वाटा होता आणि पुढे तो खाली येणारच होता. एनबीएच्या पहिल्या वर्षी, तुकड्यातुकड्यांनी खेळताना, तो ३४ टक्क्यांच्या आसपास राहिला.

म्हणूनच जाणकार फ्री थ्रोकडे पाहतात. समोर बचावपटू नाही, अंतर कायम १५ फूट, रेषा बदलण्याचा प्रश्न नाही. हाताची मूळ जात तिथे दिसते. कॉलेजमधल्या लांबच्या फेकींइतकीच, किंबहुना त्याहून भरवशाची खूण म्हणून फ्री थ्रोची टक्केवारी वापरली जाते. कॅसलची ही टक्केवारी ७५ च्या जवळ होती. वाईट नाही, डोळे दिपावेत अशीही नाही.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. कॅसलच्या नेमबाजीबद्दलची शंका खरी ठरली. एनबीएच्या पहिल्या हंगामातही तीन गुणांच्या रेषेबाहेरून तो तीस टक्क्यांच्या खालीच राहिला. अंदाज बरोबर होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. साडेसहा फुटी कॅसल प्रतिस्पर्ध्यांचा सर्वोत्तम गार्ड अडवत होता आणि अंगावर धक्के घेत बास्केटपर्यंत पोहोचत होता. कनेटिकटमध्येही संघाचा चेंडू प्रामुख्याने दुसऱ्याच्या हातात असे, कॅसल चेंडूशिवाय खेळायला शिकला होता. सामन्यामागे ११ गुण करणाऱ्या कॉलेजच्या खेळाडूने एनबीएत १४.७ केले, ते यामुळे.

करी आणि फ्रेडेट यांच्यात काय वेगळे होते?

२००८-०९ मध्ये डेव्हिडसन या छोट्या कॉलेजच्या स्टेफन करीने सामन्यामागे २८.६ गुण करून देशात पहिला क्रमांक मिळवला. २०१०-११ मध्ये युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटने २८.९ गुणांसह तोच मान मिळवला. दोघेही अचूक नेमबाज, दोघांच्याही अंगकाठीबद्दल शंका. करीची निवड सातव्या क्रमांकावर झाली. त्याच्याआधी मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकांवर लागोपाठ दोन गार्ड घेतले, पण करीला घेतले नाही. फ्रेडेट दहावा होता. पुढे करी चार विजेतेपदांचा मानकरी झाला. फ्रेडेटला पहिल्या हंगामात ७.६ गुणांची सरासरी गाठता आली आणि २०१६ मध्ये तो चीनमध्ये खेळायला गेला.

आता मागे वळून पाहिले की कारणे सोपी वाटतात. करी पहिली दोन वर्षे स्क्रीनच्या, म्हणजे सहकाऱ्याने अंग घालून केलेल्या आडोशाच्या, मागून धावत चेंडूशिवाय जागा शोधत असे. डाव चालवण्याचे काम त्याच्याकडे तिसऱ्या वर्षी आले. म्हणजे दोन्ही कामे त्याला येत होती. फ्रेडेटचा सगळा खेळ चेंडू त्याच्या हातात असण्यावर उभा होता. सॅक्रामेंटो किंग्जमध्ये (२०१९ मध्ये मुंबईत वरळीला खेळून गेलेला हाच संघ) टायरिक एव्हान्स, मार्कस थॉर्नटन, डिमार्कस कझिन्स या सगळ्यांनाच चेंडू हवा होता. शिवाय २०११ चा हंगाम टाळेबंदीमुळे ६६ सामन्यांचा झाला, नवोदितांची उन्हाळी स्पर्धा रद्द झाली आणि जानेवारीत प्रशिक्षकही बदलला.

पण परिस्थितीवर सगळे खापर फोडण्याआधी त्याच संघातला दुसरा नवोदित पाहा. आयझेया थॉमस, उंची पाच फूट नऊ इंच, ड्राफ्टमधला साठावा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. संघ तोच, गोंधळ तोच. थॉमसने त्याच वर्षी ११.५ गुणांची सरासरी ठेवून फ्रेडेटला मागे टाकले. पुढे बॉस्टनकडून २०१६-१७ मध्ये त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले, म्हणजे फ्रेडेटची कॉलेजातली सरासरी थेट एनबीएत. उंचीवरून त्याला साठाव्या क्रमांकावर ढकलणाऱ्यांनी त्याचा वेग आणि धक्का पचवण्याची ताकद हिशेबात धरलीच नव्हती.

करीबद्दलही कोणाला फार खात्री होती असे नाही. घोट्याच्या दुखापतींमुळे २०१२ मध्ये चार वर्षांसाठी ४.४ कोटी डॉलर्सवर त्याचा करार झाला. एवढ्या मोठ्या खेळाडूसाठी ही रक्कम नंतर हास्यास्पद वाटावी इतकी कमी ठरली.

मग शेपर्डचे काय होणार?

त्याच्या बाकावर बसण्यामागे ड्राफ्टमधला एक योगायोग आहे. तिसरा क्रमांक मुळात ब्रुकलिनचा होता. जेम्स हार्डनच्या जुन्या देवाणघेवाणीत तो ह्यूस्टनला मिळाला. त्यामुळे शेपर्ड दुबळ्या संघात न जाता ५२ सामने जिंकणाऱ्या संघात गेला. प्रशिक्षक इमे उडोका बचावाबाबत कडक. चुका करत शिकायला तिथे जागा नव्हती. ३४ सामने जिंकणाऱ्या सॅन अँटोनियोत कॅसलला ती मिळाली, शेजारी ख्रिस पॉलसारखा मुरब्बी गार्डही होता. ज्याच्या जागी शेपर्डला उभे राहायचे होते, त्या व्हॅनव्लीटचीच गोष्ट घ्या. विचिटा स्टेटकडून चार वर्षे खेळूनही २०१६ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणी घेतले नाही. टोरंटोने त्याला दुय्यम संघात घडवले आणि २०१९ मध्ये तो विजेत्या संघात होता. तीन वर्षे कॉलेजात खेळलेल्या जेलेन ब्रन्सनलाही वय आणि उंचीमुळे ३३ व्या क्रमांकापर्यंत थांबावे लागले होते. पुढे तो न्यूयॉर्क निक्सचा आधार झाला.

शेपर्ड नेमबाजी करेल याबद्दल मला फारशी शंका नाही. त्याचे पासिंग आणि कॉलेजमधले सामन्यामागे अडीच स्टील, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू काढून घेण्याची हातोटी, याही सहसा टिकणाऱ्या गोष्टी आहेत. कसोटी दुसरीकडे आहे. एनबीएतले संघ समोरच्या पाचांतला सर्वांत कच्चा बचावपटू हेरतात. तो ज्याला अडवत असतो, त्यालाच स्क्रीन द्यायला बोलावतात. मग बचावपटूंची अदलाबदल होते आणि कच्चा गडी त्यांच्या सर्वोत्तम खेळाडूसमोर एकटा सापडतो. सव्वासहा फुटांहून कमी उंचीच्या शेपर्डसोबत हे प्रत्येक सामन्यात होणार. त्यामुळे त्याने किती गुण केले यापेक्षा, सामना अटीतटीचा असताना शेवटची पाच मिनिटे उडोका त्याला मैदानावर ठेवतात की बाहेर बोलावतात, ते पाहा.