बॅटरी उतरते कोठे?

रे रोड स्थानकातून बाहेर पडून दारूखान्याच्या दिशेने चालू लागले, म्हणजे जुन्या मालमोटारींचे एक निराळेच रुग्णालय दृष्टीस पडते. याच हार्बर मार्गाने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यास हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली. आमचा आजचा विषय मात्र पेटीत कोंडलेल्या विजेचा आहे. ज्या घरी धंद्यानिमित्त मालमोटार आहे त्यांना तो उपयोगी पडेलच. ज्यांच्या दारी साधी मोटार आहे त्यांनी पुढील व्होल्टांचे आकडे निम्मे करून वाचावे.

रात्री माल भरून ठेवलेली गाडी पहाटे चालू होत नाही, सेल्फ नुसता कुंथतो, आणि मागे भाजीपाला असला तर त्या फेरीचे भाडे बुडालेच. अशा वेळी बहुतेक मालक बॅटरीलाच दोषी ठरवून नवी आणतात, आणि महिन्याभरात तीही बसते. वस्तुतः बॅटरी म्हणजे घरची तिजोरी. ती रिकामी दिसली तर आवक थांबली की कोठे गळती लागली, हे आधी पाहावे.

आवक पाहणे सोपे आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दोन्ही बॅटऱ्या मिळून मीटरवर सुमारे २५॥ व्होल्ट दिसले तर त्या भरलेल्या आहेत; २४ च्या खाली गेले तर बऱ्याच उतरल्या आहेत. इंजिन चालू केल्यावर आकडा २७॥ ते २८॥ पर्यंत चढला पाहिजे. न चढल्यास प्रथम पट्टा सैल आहे काय ते पाहावे. मग समोरच्या फळीवरील चार्जिंगचा लाल दिवा पाहावा. पुष्कळ अल्टरनेटरांना आरंभीची चालना त्या दिव्यातूनच मिळते; क्षुद्र बल्ब गेला की अल्टरनेटर चांगला असूनही निजून राहतो! बंदरालगतच्या खाऱ्या दमट हवेत बॅटरीच्या टोकांवर आणि चेसिसच्या अर्थिंगवर हिरवट-पांढरी बुरशी चढते, तीही खरवडून काढावी.

गळती शोधावयाची तर सर्व दिवे बंद करून ऋण टोकाची तार सोडावी व मध्ये अँपिअर-मीटर जोडावा. सेल्फ मात्र त्या वेळी मारू नये, मीटर जळेल. अर्धा अँपिअर वाहताना दिसला तर तो किरकोळ समजू नये: चार दिवसांत ४८ अँपिअर-तास, म्हणजे शंभराच्या बॅटरीची जवळजवळ निम्मी पुंजी गेली. मग एकेक फ्यूज काढीत जावे. ज्याने काटा पडेल त्या वाटेवर चोर आहे. कोणत्याही फ्यूजने पडला नाही तर अल्टरनेटरची जाड तार सोडून पाहावी. आतला डायोड बिघडला की वीज रातोरात उलट वाहते, आणि तासन्‌तास उभ्या गाडीचा अल्टरनेटर हाताला कोमट लागतो.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठा अपराधी निराळाच आहे. गाडीला १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या असतात. टेप, पंखा किंवा मोबाइल यांना १२ च व्होल्ट हवेत, म्हणून दोहोंपैकी एकीवरूनच तार काढून घेतात. दोन भावांचा खर्च एकाच्याच डोक्यावर! ती बॅटरी नेहमी अर्धपोटी राहते, आणि दुसरीला जादा व्होल्ट मिळून तिचे पाणी उकळून आटते. मालक एकच बदलतो, आणि नव्या-जुन्याची जोडी पुन्हा बिघडते. यावर उपाय एकच: २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा, आणि बॅटऱ्या बदलणे झाले तर दोन्ही एकदम बदलाव्या.

आणखी एक जुनी खोड अजून दिसते: चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग’ पाहणे. अल्टरनेटरचे डायोड त्याने क्षणात जळतात. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. जवळ विडी पेटविणाऱ्या क्लीनरला तितके सांगून ठेवावे. तार सोडताना ऋण टोक आधी सोडावे, जोडताना मागाहून जोडावे.